डाव्या पायाला कुणी कळवलंच नाही

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख 'वाहनतज्ज्ञ' अशी करून दिली. मी तज्ज्ञ नाही; ४१ वर्षं गाडी चालवली, त्यातली ३८ क्लचवाली, एवढंच. विषय दिलाय 'ऑटोमॅटिक गाडी सुरक्षितपणे कशी चालवावी'. त्यावर येतोच. आधी डाव्या पायाबद्दल बोलू द्या, घरी कुणी ऐकून घेत नाही.

आपला डावा पाय फियाटच्या क्लचवर घडलाय. गणपतीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर अर्धा अर्धा तास हाफ क्लचवर काढलेले इथे बरेच असतील. हात वर करू नका, बसताना गुडघे धरलेत त्यावरून कळलं. मग मुलं म्हणतात, बाबा, ऑटोमॅटिक घ्या. गाडी येते, पेढे वाटले जातात, पण क्लचचं पेडल गेलं हे डाव्या पायाला कुणी कळवलेलंच नसतं!

पहिल्याच आठवड्यात अंगारकी आली. टिळक रस्त्यावरून सारसबागेकडे निघालो होतो, हिच्या मांडीवर तळ्यातल्या गणपतीसाठी २१ मोदकांचा डबा. सिग्नल पिवळा झाला. उजव्या पायाने हळूच ब्रेक धरला, इथवर ठीक. तेवढ्यात डावा पाय सवयीने क्लच दाबायला निघाला. क्लच आपण कसा दाबतो? मुळापर्यंत, एका दमात. आणि तिथे होतं ब्रेकचं ऐसपैस पेडल. गाडी जागीच थिजली. आम्हाला पट्टे होते, मोदकांना नव्हते. १४ डॅशबोर्डखाली गेले. मागचा रिक्षावाला टेकता टेकता वाचला. शेजारी येऊन शांतपणे म्हणाला, "काका, एवढं थांबायचं होतं तर घरीच थांबायचं ना!" ही काही बोलली नाही. सारसबागेपर्यंत बोलली नाही. देवाला सात मोदक चालतात का, हा वाद अजून मिटलेला नाही.

शोरूममधल्या मुलाने गाडी देताना पाऊण तास फोन स्क्रीनला जोडून दाखवला. पायाबद्दल अवाक्षर नाही. म्हणून मी सांगतो: डावा पाय मागे, सीटला टेकवून ठेवा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याकडे. महिनाभर रिकाम्या रस्त्यावर सराव करा, मगच पेठांत शिरा.

चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटं. वडे गार होतायत.' बरं, भराभर सांगतो.

सुरू करताना लिव्हर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आणि पाय ब्रेकवर. बटणवाल्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दाबलं तर नुसते दिवे लागतात. गाडी बिघडली म्हणून मुलाला फोन करू नका. 'डी'त, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक सोडला की ॲक्सिलरेटर न देताही गाडी रांगायला लागते. इंजिनाची फिरकी तेलातून गिअरबॉक्सकडे पोचते, समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांसारखी. एक फिरला की दुसरा हलणारच. म्हणून 'डी'त असताना दार उघडून वॉचमनशी गप्पा नकोत. 'डी'तून 'आर'मध्ये, म्हणजे रिव्हर्समध्ये जाताना गाडी पूर्ण थांबलेली हवी.

उतारावर लावताना आधी हँडब्रेक, मग 'पी'. 'पी' म्हणजे आत दात्यात अडकणारी छोटी खुंटी; सगळा भार तिच्यावर टाकला की निघताना खाडकन आवाज येतो. २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे आलेल्या एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाड्यांत बहुधा 'पी' नसतोच. त्यांना क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबतं. त्या गाड्या चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक धरा.

दिवे घाटातून उतरताना न्यूट्रल नाही म्हणजे नाही! मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे गिअर आपल्या हाताने निवडायच्या सोयीत, खालचा गिअर घ्या, इंजिनच गाडी आवरेल. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून धरेनासे होतात.

हो हो, उतरतो. शेवटचं: बॅटरी बसली तर सोसायटीतल्या पोरांना धक्का मारायला बोलावू नका, ही धक्क्याने सुरू होत नाही. डिकीत दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल ठेवा. माझी खाली गाडीत आहे, वडे झाले की दाखवतो.