पोत्यामागे एक रुपया

(सांगलीतल्या एका हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

ओळख करून देताना मला प्राणिमित्र म्हटलं गेलं. खरं सांगायचं तर मी भटक्या जनावरांच्या एका आश्रयस्थानाची खजिनदार आहे. ३६ वर्षं बँकेत काढली. निवृत्तीनंतर महिन्याभरात शेजारची मुलगी एक कापडी पिशवी घेऊन आली, आत नुसत्या पावत्या. “काकू, ऑडिट आलंय, एवढं बघता का?” त्याला आता ८ वर्षं झाली. पिशवी अजून माझ्याकडेच आहे.

मिरजेकडे जाताना आत शेतात आमच्या पत्र्याच्या शेड आहेत. आजच्या तारखेला ६५ कुत्री, १५-२० मांजरं आणि एक लंगडं गाढव. गाढवाचा खर्च मी किरकोळमध्ये टाकते. तुम्हाला वाटलं असेल, या बाई आता डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी सांगतील. एक सांगणार आहे, पण ती पैशांची गोष्ट आहे.

मार्केट यार्डात हळदीच्या गोदामांच्या आसपास एक पिवळसर कुत्री राहायची. हमाल तिला हळदी म्हणत. टेम्पोखाली आली, मागचे दोन्ही पाय गेले. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलांनी तिचा फोटो मोबाइलवर टाकला. शस्त्रक्रियेचा अंदाज होता १८,००० रुपयांचा. दोन दिवसांत ६१,००० जमले. तिसऱ्या दिवशी पहाटे हळदी गेली. तोवर खर्च झाला होता ९,४००. उरले ५१,६००.

आता या पैशाचं काय करायचं? मुलं म्हणाली, काकू, कुत्र्यांसाठीच दिलेत ना, मग वापरू या. माझ्यातली बँकवाली काही तयार होईना. हळदीच्या नावानं आलेला पैसा हळदीचा. आम्ही प्रत्येक देणगीदाराला कळवलं: हळदी गेली, तुमचे पैसे परत हवेत का दुसरीकडे वापरू? चौघांनी परत मागितले, आम्ही दिले. बाकीच्यांनी ‘वापरा’ म्हटलं, काहींनी उत्तरच दिलं नाही. पण मला बोचलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात आमच्याकडे खरजेनं कातडी गेलेली एक काळी कुत्री आली होती, काजळ. तिचाही फोटो टाकला होता. तिच्या नावावर जमा, शून्य. खरजेचे उपचार म्हणजे सहा-आठ आठवडे औषध आणि आंघोळ. त्यात बघण्यासारखं काही नसतं. रक्त दिसलं की लोकांचा हात खिशाकडे जातो. फिनेलसाठी कुणाचा जात नाही.

महापुरातही हेच पाहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्यातले निम्मे गच्चीवर होते. त्या पंधरवड्यात आमच्याकडे ट्रकनं खाद्य आलं. पुण्यामुंबईहून, ओळख ना पाळख. पत्रे गळणाऱ्या शेडमध्ये पोती ठेवायला जागा नव्हती, निम्मी भिजून वास मारायला लागली. आणि ऑक्टोबरात, जेव्हा पुरात मालकांपासून तुटलेली जनावरं खरोखर आमच्याकडे येऊन पडली होती, तेव्हा तांदूळ उधारीवर आणला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जखमेवर उभं राहिलेलं आश्रयस्थान दर महिन्याला नवी जखम शोधत बसतं. आणि मग फोटो काढणाऱ्याचीही नजर बदलते, हे मी आमच्याच मुलांमध्ये पाहिलंय.

हिशेब सांगते. एका कुत्र्याचं रोजचं खाणं, म्हणजे भात, कोंबडीचे पाय-मुंड्या, थोडी हळद, पडतं ३५ रुपयांना. ६५ कुत्र्यांचे महिन्याला ६८,२५०. दोन माणसांचे पगार २८,०००. औषधं, लसी साधारण २०,०००. वीज, पाण्याचा टँकर, फिनेल ८,०००. झाले सव्वा लाख. डॉक्टर निम्मे पैसे घेत नाहीत, जागा एका शेतकऱ्यानं फुकट वापरायला दिलीय, तरी सव्वा लाख. मांजरं आणि गाढव अजून मोजलेलं नाही.

हा पैसा कुठून यावा, याचं एक उत्तर आपल्याकडे फार आधी सापडलेलं आहे. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये कुत्र्यांवरून दंगल झाली होती. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची इंग्रजांची मोहीम असे, एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभानं लोक घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. पारशांना कुत्रा पवित्र. ते रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, इतरही व्यापारी त्यात आले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून पांजरपोळ, म्हणजे बेवारशी जनावरांचा निवारा, काढला. दंगलीतून पांजरपोळ निघाला, हे आपल्याला ठाऊक असतं. मला आवडते ती त्याच्या पुढची गोष्ट. त्यांनी वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरणं पुरेसं मानलं नाही. मालाच्या व्यवहारावर स्वतःच स्वतःला लाग, म्हणजे ठरावीक पट्टी, बसवून घेतला. माल हलला की पांजरपोळात पैसा पडला. कुणाला दया येवो न येवो.

हे वाचून मी उत्साहात मार्केट यार्डात गेले. हळदीच्या एका जुन्या व्यापाऱ्यांना म्हटलं, भाऊ, पोत्यामागे एक रुपया द्या. ते हसले. म्हणाले, “मॅडम, पोत्यामागे म्हणालात की तो रुपया शेतकऱ्याच्या बिलातून कापला जाणार. पूर्वी धर्मादाय, गोशाळा, पांजरपोळ असली नावं घालून शेतकऱ्याचेच पैसे कापले जायचे. पुण्य व्यापाऱ्याचं, खिसा कुणब्याचा. माझ्या नफ्यातून मागा.” मी गप्प झाले. सौदे निघतील त्या दिवशी १०० रुपये, असं ते स्वतःच म्हणाले. आजही देतात. हंगाम संपला की थांबतात, तेही सांगून.

त्यातून भिशी सुचली. आपल्याकडे प्रत्येक बाईला भिशी कळते. महिन्याला १०० रुपये, ठरलेल्या तारखेला. फरक एवढाच की चिठ्ठी कुणाच्याच नावाची निघत नाही. सव्वा लाखाला १,२५० माणसं हवीत. आज ६०० च्या आसपास आहेत. म्हणजे निम्मा महिना भिशीवर चालतो. उरलेला अजून हातापाया पडून. सगळ्या भिशीवाल्यांना ५ तारखेच्या आत मागच्या महिन्याचा हिशेब जातो, मोबाइलवर, एका पानाचा. कोण आलं, कोण गेलं, किती मेली. मेलेल्यांचा आकडा लिहू नका, लोक खचतात, असं मला बऱ्याचदा सांगितलं गेलं. तो आकडा लिहायला लागल्यापासून भिशी सोडणारे वाढलेले नाहीत.

पावतीचं थोडं बोलते, कारण तुमच्यात नोकरदार बरेच दिसतायत. ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलतीची, पावती आम्ही देतो. त्यावर देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तरच. नव्या प्रणालीत ती नाही. २,००० च्या वर रोख दिलीत तरी नाही. आणि तांदळाच्या पोत्याची ८०जी होत नाही, यावरून माझ्याशी भांडू नका. परदेशातल्या भाच्याचं म्हणाल, तर त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा स्वतःच्या कमाईतला, बँकेतून आलेला असेल, तर चालतो. तो तिकडचा नागरिक झाला असेल तर तो पैसा कायद्यानं विदेशी. त्याला वेगळी नोंदणी लागते, आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेत खातं. आमची ती नोंदणी नाही. परदेशातल्या दोन मंडळांचे पैसे मी नको म्हटलेत. झोप लागली नाही त्या रात्री, पण नको म्हटलं.

कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी खर्च करायचा, त्या सीएसआरच्या यादीत पशुकल्याण आहे. पण तो नियम लागतो मोठ्यांना, वर्षाला ५ कोटींचा नफा वगैरे असेल तर. आपल्या एमआयडीसीतले बहुतेक कारखाने त्यात बसत नाहीत. त्यामुळे तिथे मी कायदा काढत नाही, जुने पत्रे मागते.

आणि पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत श्वानबलीची, म्हणजे श्राद्धात कुत्र्यासाठी काढलेली, पानं घेऊन लोक रांगेत येतात. खीर, वडे, अळूची भाजी. ६५ कुत्र्यांना एकदम जुलाब होतात. आता आम्ही दारावर पाटी लावलीय: पान गाईला, कावळ्याला द्या, कुत्र्याच्या नावानं साधा भात शिजवून आणा. बहुतेक जण ऐकतात. दत्तजयंतीला मात्र चांगली मदत येते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यामुळे वेगळं समजावावं लागत नाही.

आता दत्तक. माझी सुरुवातीची समजूत होती की एक कुत्रं घरी गेलं की आमचा खर्च वाचला. सव्वा लाख भागिले ६५, महिन्याला १,९०० वाचले! मग लक्षात आलं की पगार आणि वीज तेवढीच राहते. वाचतात ते खाणं-औषधाचे साडेतेराशे. आणि पुढे लक्षात आलं की तेही वाचत नाहीत. रिकामा पिंजरा दुसऱ्या दिवशी भरतो. कुत्रं घरी गेल्यानं खर्च कमी होत नाही. त्याच पैशात आणखी एक जीव येतो. ६५ च्या ६५ कुत्री वर्षभर तीच राहिली तर आम्ही फक्त एक भरलेली गोदाम-शेड आहोत.

तरीही घाईनं द्यायचं नाही. आमची एक मुलगी घर बघायला जाते. लोक म्हणतात, हे काय स्थळ बघणं आहे का? आहेच. पोहेही मिळतात. ती विचारते: घर भाड्याचं का? मालकाला विचारलंत का? गावी गेलात तर कोण बघणार? आणि घरातल्या सगळ्यांना समोर बसवते. कारण हौस मुलाची असते आणि सहा महिन्यांनी शी-शू काढते आजी. ज्या घरात आजी गप्प बसून राहते तिथे आम्ही कुत्रं देत नाही. सोसायटी ‘पाळू नका’ म्हणत असेल, तर तशी बंदी घालता येत नाही असं पशुकल्याण मंडळानं २०१५ मध्येच स्पष्ट केलंय, ते पत्रक आम्ही बरोबर देतो. पण खरं सांगू, पत्रकानं सेक्रेटरी गप्प होतो, शेजारी गप्प होत नाहीत.

जाहिरात कशी लिहायची हे आम्ही काजळकडून शिकलो. आधी लिहिलं होतं, “बिचारी, कुणी टाकून दिलेली, कृपया घर द्या.” पाच महिने फोन नाही. मग तिच्या पिंजऱ्यात तासभर बसून नवी जाहिरात लिहिली: “काजळ. वय सुमारे ३ वर्षं. नसबंदी, लसी झालेल्या. दोरीला ओढत नाही. मांजरांशी जमत नाही. फटाक्यांना घाबरते, दिवाळीत न्हाणीघरात झोपेल.” फोटो सकाळच्या उन्हात, जमिनीवर बसून काढला, काळं जनावर सावलीत नुसता डाग दिसतं. दोन फोन आले. दुसरा माधवनगरच्या निवृत्त मास्तरांचा. मांजराचं आणि फटाक्यांचं आधीच लिहिलंत म्हणून फोन केला, म्हणाले.

पिल्लांचं गणित वेगळं. कार्तिकातली कुत्री आपल्याकडे म्हणण्यापुरती नाहीत. कार्तिकात माज, त्रेसष्ट-चौसष्ट दिवस गाभण, म्हणजे पौष-माघात पिल्लं. जानेवारीत आमच्या दाराशी सकाळी खोकं असतं. लोक नर उचलतात, माद्या खोक्यात सोडतात. माद्यांना घर शोधून हे सुटत नाही, नसबंदीनंच सुटतं. ते काम २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकलंय. आम्ही पिल्लू देताना नसबंदीची रक्कम आधी अनामत म्हणून घेतो, शस्त्रक्रिया झाली की परत. यावरून बोलणी बसतात. बसू देत.

आणखी एक नवीन. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका, असा आदेश दिला. मुलांना चावे होतात, रेबीज एकदा झाला की उपाय नाही, त्या काळजीशी मी वाद घालत नाही. पण तेव्हापासून आमचा फोन थांबत नाही. “तुमच्याकडे शेल्टर आहे ना, घेऊन जा.” मी शांतपणे विचारते, महिन्याला साडेतेराशे कोण देणार? फोन ठेवला जातो. एका मुख्याध्यापिकेनं मात्र ठेवला नाही. त्यांच्या शाळेतली तीन कुत्री आमच्याकडे आहेत आणि शिक्षकखोलीतून ४० जणांची भिशी येते.

प्रश्न घ्यायला सांगतायत. पहिलाच प्रश्न आलाय, माझ्या घरी किती कुत्री आहेत? एकही नाही. यांना दमा आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. गेल्या वर्षी मी रीतसर फॉर्म भरला होता, एका म्हाताऱ्या कुत्र्यासाठी. ती मुलगी आली, पोहे खाल्ले, यांच्याशी बोलली, जिने मोजले आणि फॉर्मवर ‘सध्या नको’ असं लिहून गेली. फाइलला मीच लावला.