इज्जतीचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

बँकेतली माझी नोकरी 1981 साली सुरू झाली. पहिली शाखा नागपुरातच, महालच्या गर्दीतली. शाखेला मागच्या बाजूनं एक दार होतं, चहावाल्याच्या सोयीसाठी ठेवलेलं. पण कर्ज मागायला येणारी पांढरपेशी माणसं हटकून त्याच दारानं यायची. एक शाळामास्तर मला अजून आठवतात. मुलीच्या लग्नासाठी पाच हजार हवे होते. साहेबांच्या केबिनमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि अर्जावर सही करण्याआधी हळूच विचारलं, "ह्याचं पत्र घरी तर नाही येणार ना साहेब? पोस्टमन आमच्याच गल्लीतला हाये."

हल्लीच एका लग्नाच्या बैठकीला बसलो होतो. मुलाकडचे म्हणाले, "वर्धा रोडला टू बीएचके घेतलाय, लोन चालू आहे." हे 'लोन चालू आहे' त्यांनी असं म्हटलं, जसं आमच्या वेळी 'मुलगा निर्व्यसनी आहे' म्हणत. आणि मुलीच्या बापानं सिबिल स्कोर विचारला. विचारला हो, खोटं नाही सांगत.

पस्तीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या पैशाचा हिशोब ठेवला. व्याज, मुद्दल, थकबाकी, तारण, सगळ्याला लेजरमध्ये रकाना होता. इज्जतीला रकाना नव्हता. आणि आता घरी बसून वाटतं, की माणसांचे बहुतेक व्यवहार त्या नसलेल्या रकान्यातूनच चालत होते. समाजाची मूल्यं बदलली असं आपण भारदस्त भाषेत म्हणतो. माझ्यापुरता त्याचा अर्थ साधा आहे. काल ज्या गोष्टीची लाज वाटायची तिची आज वाटत नाही, आणि काल जिच्यात काही वावगं दिसत नव्हतं तिची आज लाज वाटते. बाजार आणि राजकारण त्याच्या मागून येतात.

कर्जाचंच घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण आईच्या दुधासोबत प्यायलेलो. आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा रात्र रात्र कीर्तनातून सांगत, ऋण काढून सण करू नका. मग 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, बँक गावागावात आली, स्कूटर आणि टीव्ही हप्त्यावर मिळू लागले. पुढे सरकारनंच घरकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट दिली. म्हणजे जी गोष्ट मास्तर पोस्टमनपासून लपवत होते, तिच्याबद्दल सरकार पाठ थोपटायला लागलं. शब्दही बदलला. 'कर्ज' मागे पडलं, 'लोन' आलं, मग 'ईएमआय'. वर्धा रोड, बेसा, मनीषनगर इथे उभ्या राहिलेल्या इमारतींत सिमेंट-लोखंडाइतकीच ही पुसली गेलेली लाजही भरलेली आहे.

पण ही लाज सगळ्यांची पुसली गेली नाही. शहरातला माणूस कर्ज घेतो तेव्हा त्याचा ईएमआय असतो. कापसाचा शेतकरी कर्ज घेतो तेव्हा तो कर्जबाजारी असतो. मी तालुक्याच्या शाखेत असताना वसुलीच्या जीपमध्ये बसलेलो आहे. जीप गावात शिरली की पोरं मागं धावायची, आणि ती कोणाच्या दारात थांबते ते सगळं गाव बघायचं. आम्ही थकबाकीदाराशी मोठ्यानं बोलायचो. मुद्दाम मोठ्यानं. तो वसुलीच्या कामाचाच भाग होता, कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नव्हता इतकंच. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा त्यात होता. पॅकेजमध्ये व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं. जीपबद्दल त्यात काही असण्याचा प्रश्नच नव्हता.

कामाच्या वेळेचीही अशीच गोष्ट आहे. 1 जानेवारी 1877 ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. सुरुवातीची त्यांची मोठी अडचण कापसाची नव्हती, गैरहजेरीची होती. घरात चार दिवसांचं धान्य असलं की गडी गिरणीकडे फिरकत नसे. आज आपण त्याला आळस म्हणू, पण त्याच्या दृष्टीनं पोटापुरतं असताना दुसऱ्याच्या भोंग्यावर पळण्यात काही शहाणपणा नव्हता. जमशेदजींनी दंडावर भागवलं नाही. 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. हळूहळू भोंगा हे शहराचं घड्याळ झालं, 'गिरणीत आहे' म्हटलं की पोरगी द्यायला लोक तयार झाले. पुढे गिरणी बंद पडली. त्याच जागेवर आता मॉल आहे, आणि तिथे हप्त्यावर फोन मिळतो.

आता जरा घरच्या घरी एक खेळ खेळू. रोनाल्ड इंगलहार्ट नावाचे अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात एक अभ्यासक होते. 1970 च्या सुमारास त्यांनी पश्चिम युरोपातल्या लोकांपुढे चार गोष्टी ठेवल्या. देशात सुव्यवस्था राखणं, सरकारी निर्णयांत लोकांना जास्त वाव देणं, महागाईशी लढणं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य जपणं. यातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या दोन निवडा. ज्यांनी युद्ध आणि उपासमार पाहिली होती, ते सुव्यवस्था आणि महागाई म्हणायचे. ज्यांचं बालपण भरल्या पोटी गेलं होतं, ते सहभाग आणि स्वातंत्र्याकडे झुकायचे. इंगलहार्टांचं म्हणणं असं, की माणूस मोठेपणी सहसा आपली मूल्यं बदलत नाही. जुनी पिढी जाते, नवी येते, तसा समाज बदलतो. 1981 पासून जगभर मूल्यांची पाहणी होते, तिच्यामागे याच विचाराचा मोठा वाटा आहे.

हा खेळ मी घरी जेवताना मांडला. नातवानं सुव्यवस्था आणि महागाई निवडली. तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहे, त्याचं पोट भरलेलं असलं तरी जीव थाऱ्यावर नाही. आईचं वय नव्वदीच्या पुढे. ती म्हणाली, "महागाई लिही. अन् दुसरं ते बोलन्याचं लिही." मी म्हटलं, आई, बोलण्याचं कशाला? तर म्हणे, "सासूपुढं बोलाची सोय नव्हती, मंग तुह्या बापापुढं नव्हती. महागाई तं काय, होतेच थोडीफार."

इंगलहार्ट साहेब आमच्या जेवणाला असते तर बरं झालं असतं.

आईचं सोडा, ती एकटी. पण या शहरानं त्या सिद्धांताला याहून फार मोठा अपवाद दाखवलेला आहे. जुलै 1942 मध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद नागपुरात भरली होती. तिच्याच मांडवात 20 तारखेला महिलांची वेगळी परिषद झाली, अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या. त्यांत मजुरी करणाऱ्या होत्या, विड्या वळणाऱ्या होत्या. पोट भरलेलं, घर सुरक्षित, असं म्हणता येईल अशा त्यांत किती असतील? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सांगितलं, की समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. लग्न केलंत तर नवऱ्याची मैत्रीण व्हा, दासी होऊ नका. युरोपात भरल्या घरातल्या मुलांना जे पुढे सुचलं, ते इथे अर्धपोटी बायांनी मांडवात बसून ऐकलं आणि घरी नेलं.

14 वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, याच नागपुरात लाखोंनी धम्म स्वीकारला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी एका आक्षेपाला उत्तर दिलं. मेलेली जनावरं ओढणं महारांनी सोडलं तर कातडं, शिंगं, हाडं यांचं उत्पन्न बुडेल, त्यांचंच नुकसान होईल, असा तो आक्षेप होता. हिशोब म्हणून चूक नव्हता. बाबासाहेबांचं उत्तर असं, की एवढा फायदा असेल तर तो तुम्ही घ्या. माणसाला इज्जत प्यारी असते, लाभ नव्हे.

बँकेच्या माणसाला हे वाक्य पचायला वेळ लागतो. आमचा सगळा डोलारा उलट गृहीतावर उभा. पण पुढचं बघा. एक हक्काचं उत्पन्न माणसांनी टाकून दिलं आणि मुलं शाळेत घातली. आज दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जाऊन या. दुसऱ्या कुठल्या यात्रेत खेळणी आणि जिलबी खपते, इथे पुस्तकांच्या दुकानांपुढे रेटारेटी असते. पाठीवर पिशवी आणि पिशवीत पुस्तकं घेऊन रात्रीच्या गाडीनं माणसं परत जातात. हे त्या हुकलेल्या उत्पन्नाचं व्याज म्हणा हवं तर. आणि रेडिओवर बोलतोच आहे तर सांगतो, 3 ऑक्टोबर 1954 ला आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेब म्हणाले होते, की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तत्त्वज्ञान मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, ते मला माझ्या गुरूंकडून, बुद्धांकडून मिळालं. उसनं नाही, हा शब्द कर्ज वाटणाऱ्याच्या कानाला वेगळा लागतो.

या सगळ्यात मारबतीला विसरून चालणार नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, असं सांगतात. "इडा पीडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!" आमच्या लहानपणी ओरडायची यादी आजारांची असे. मग बडगे आले, म्हणजे ज्याचा राग येतो त्याचे पुतळे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा. शहराला त्या वर्षी कशाचा राग आलाय हे बघायचं तर वर्तमानपत्र चाळण्यापेक्षा बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या वाचाव्यात. माझी ही जुनी सवय आहे. पण एक मात्र आहे. बडगा नेहमी दुसऱ्याच्या पापाचा असतो. पुढाऱ्याचा, व्यापाऱ्याचा, शेजारच्या देशाचा. हक्कसोडपत्राचा बडगा मी आजवर पाहिला नाही.

हक्कसोडपत्र माहीत असेलच. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, 2005 मध्ये देशभर तो कायदा झाला. कायदा आला आणि त्याच्यासोबत दुय्यम निबंधक कार्यालयातली रांगही आली. बहिणी येतात, राजीखुशीनं हक्क सोडला म्हणून सही करतात, भाऊ साडीचोळी करतो, समोरच्या हॉटेलात सगळे मिळून सामोसे खातात. न सोडणारी बहीण लोभी ठरते. माहेर तुटलं असं म्हणतात. म्हणजे हक्क कायद्यानं दिला आणि इज्जतीनं परत घेतला.

वडील 2007 साली गेले. काटोलकडे आमची चार एकर संत्र्याची बाग आहे. पुढच्या वर्षी बहिणीनं सही केली. कागद मीच तयार केला होता, बँकेतला माणूस, मसुदा चांगला जमतो. पैठणी घेऊन दिली. ती काही बोलली नाही आणि मीही काही विचारलं नाही. तिच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून दोन वर्षांनी शिवणाच्या मशीनसाठी तिला बँकेत कर्ज नाकारलं गेलं, तेही मला नंतर तिसऱ्याकडून कळलं. शाखा माझी नव्हती. असती तरी नियमानं मीही नाकारलंच असतं, तारण काय दाखवणार?

त्या जेवणानंतर, आईच्या त्या उत्तरानंतर, मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला. म्हटलं, दोन एकराचं बक्षीसपत्र करून देतो. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा, लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, म्हणू दे. पुन्हा गप्प. मला वाटलं आता नाहीच म्हणते. मागं तिच्या घरात कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग तिनं एकदम खालच्या आवाजात विचारलं, त्या मास्तरांनी केबिनमध्ये विचारलं होतं तसं.

"सातबाऱ्यावर नाव माह्यंच लागन ना? ह्यांचं नाही ना?"

तुझंच, मी म्हटलं.

"मंग बुधवारी येतो," म्हणाली. "आधार कार्ड आनू का अजून काही लागन?"

श्रोतेहो, नमस्कार.