पाववाल्याची पाटी

(म्हापशातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, लिहिताना थोडं आवरून घेतलेलं.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढं 'उपाहारगृह उद्योजक' असं छापलंय. ते वाचून बायको हसत सुटली. मी खानावळवाला. 27 वर्षं बाजारालगत शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेलं नुस्तं (मासे) आणि सोलकढी वाढतो. तेव्हा फ्लॉइड कार्डोझसारख्या जगप्रसिद्ध शेफवर बोलायला मीच कसा, हा प्रश्न तुमच्याआधी मला पडला. उत्तर एवढंच, की त्याच्या एका उपम्यानं मला भर दुकानात तोंडघशी पाडलं होतं. ते पुढं सांगतो.

आधी जरा मागचं. आपल्याकडचा माणूस पोटासाठी गाव सोडून निघाला, की तो एक तर बँडात जायचा नाहीतर बोटीवर. आणि बोटीवर गेला तरी बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच. पी अँड ओ, बी. आय. (ब्रिटिश इंडिया), या जहाज कंपन्यांच्या बोटींवर गोव्याचे कुक किती होते याला गणती नाही. मुंबईत उतरायला गावागावाची कूड, म्हणजे गाववाल्यांची राहायची खोली, असायची. धोबीतलावला काही अजून आहेत. भिंतीशी पेट्यांची रांग, एका बाजूला अल्तार (ख्रिस्ती देव्हारा), आणि बोटीचं बोलावणं यायची वाट बघत बसलेली माणसं. यांनी जगाला जेवू घातलं, पण काय? रोस्ट, स्ट्यू, पुडिंग. सगळं साहेबाचं. आणि कुकचं नाव विचारलं कोणी? नाव फार तर हजेरीपटावर.

कार्डोझ या सगळ्यांचा वारसदार, असं मी मानतो. घराणं गोव्याचं, जन्म 1960 चा, मुंबईतला. शिकला बायोकेमिस्ट्री. हॉटेलच्या धंद्यावरची एक कादंबरी हाती पडली आणि गडी प्रयोगशाळेतून मुदपाकखान्यात गेला. मुंबई, मग स्वित्झर्लंड, मग न्यूयॉर्क. तिथं 'लेस्पिनास' या बड्या रेस्टॉरंटात ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली तो खालच्या पायरीपासून चढत गेला. हे कुन्झ जन्मले सिंगापूरला, त्यामुळं मसाल्याचा वास त्यांना परका नव्हता. गुरू कोण भेटतो यावर आमच्या धंद्यात फार असतं. माझा गुरू कांदा चुकीचा कापला की पळीच हाणायचा.

1998 साली डॅनी मायर या हॉटेलमालकानं मॅडिसन अव्हेन्यूवर 'तबला' काढलं आणि भटारखाना कार्डोझकडं सोपवला. 'तबला'ला मजले दोन. वर महागडं जेवण, परदेशी पद्धतीनं केलेलं, आपला मसाला घातलेलं. खाली 'ब्रेड बार', तिथं तंदूर, नान आणि बरंचसं घरगुती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रुथ रायशल यांनी त्याला तीन तारे दिले. आपल्या मसाल्यावर उभ्या राहिलेल्या जागेला त्या शहरात असा मान मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. पण मला ते दोन मजलेच जास्त बोलके वाटतात. साहेबाचं ताट वरच्या मजल्यावर आणि आपलं खाली. बोटीवरही तसंच असायचं.

'तबला' बारा वर्षं चाललं. 2010 च्या अखेरीस मायरनी ते बंद केलं. त्यांनी बंद केलेलं हे पहिलंच रेस्टॉरंट. जागा अवाढव्य, त्यात मंदी. लोकांना वाटतं रेस्टॉरंट चव बिघडल्यानं बुडतं. चव बिघडून बुडायला वेळ लागतो हो. रिकामी खुर्ची मात्र रोज जेवते. ती भाडं खाते, वीज खाते, वेटरचा पगार खाते. कोविडच्या दिवसांत माझ्या बारा टेबलांतली नऊ रिकामी असायची. मी गल्ल्याकडं बघणंच सोडलं होतं.

आणि 2011 मध्ये, दुकान मिटल्यावर, हा माणूस अमेरिकेतल्या 'टॉप शेफ मास्टर्स' या टीव्हीवरच्या स्पर्धेत उतरला. अंतिम फेरीत आठवणीतला पदार्थ करायचा होता. समोर नावाजलेले परीक्षक, त्यांत पुन्हा त्या रायशलबाई. यानं काय करावं? उपमा! रानअळंब्यांचा उपमा, त्यात कोकम आणि नारळाचा रस. जिंकला. बक्षिसाचे एक लाख डॉलर कर्करोगाच्या संशोधनाला दिले.

हे वाचून मला चेव आला. आषाढातले दिवस होते, बाजारात अळमी आलेली. रोयणीवरची (वारुळावरची), पानात बांधलेली, आणि भाव असा की विकणारीच्या डोळ्याला डोळा देववत नाही. (ती ओरबाडून काढू नये म्हणतात ते खरंय, मी आता घेत नाही.) रवा मंद आचेवर भाजला, खमंग वास सुटेपर्यंत. अळमी लोण्यावर परतली. सोलां, म्हणजे कोकमाची सालं, कोमट पाण्यात भिजत घातली होती, पाणी गडद लाल झालेलं. इथवर ठीक. मग मी नारळाचा रस उकळायला ठेवला आणि त्या उकळत्या रसात सोलांचं पाणी ओतलं. फुटला. पांढऱ्या गुठळ्या आणि गुलाबी पाणी. सोलकढी आपण का उकळत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण अमेरिकेचं नाव ऐकलं की माणूस आईनं शिकवलेलं विसरतो. रस फेकवेना म्हणून तसाच रव्यात ढवळला आणि सकाळच्या गिऱ्हाइकांना वाढला. एक रिक्षावाला दोन घास खाऊन म्हणाला, "काका, हो उपमा कालचो मूं?"

आंबट म्हणजे शिळा! त्याचं काही चुकलं नाही. उपमा म्हणजे पाहुणे अचानक आले की करायचा पदार्थ. त्याच्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवत नाही. सोलांना आपण पाहुण्यांपुढं मिरवत नाही. नेमकं तेच कार्डोझनं पुढं केलं, आणि रस फुटू न देणंही त्याला येत होतं. दुसऱ्या खेपेला मी आच बंद करून, रस कोमट झाल्यावर सोलांचं पाणी घातलं. जमला. पण त्या रिक्षावाल्यानं परत उपमा मागितला नाही. तो आता भाजीपावच खातो.

मधल्या एकदोन रेस्टॉरंटांचं मी सांगत बसत नाही. 2016 ला त्यानं न्यूयॉर्कमध्ये नवी जागा काढली आणि पाटीवर लिहिलं 'पाववाला'. आता इथं बसलेल्यांना मी काय सांगू? मुंबईत गोव्याच्या ख्रिस्तावाला 'मकापाव' म्हणून चिडवायचे. पोदेराचा (पाव भाजणाऱ्याचा) पाव, आणि त्यावरून माणसाची टिंगल. त्या चिडवण्यातला 'पाव' ह्यानं पाटी करून टांगला, असा मी आपला अर्थ लावतो. धंदा मात्र जमला नाही. 2018 ला नाव बदलून 'बॉम्बे ब्रेड बार' केलं, 2019 ला तेही मिटलं.

मुंबईत त्याचं बस्तान बसलं. समीर सेठ आणि यश भाणगे या भागीदारांबरोबर 2015 ला 'द बॉम्बे कॅन्टीन', 2017 ला 'ओ पेद्रो'. 'ओ पेद्रो' म्हणजे उघड उघड गोव्याचं जेवण. तेही कुठं, तर वांद्रे-कुर्ला संकुलात, बँकांच्या काचेच्या इमारतींमध्ये. आपल्याला रुखरुख वाटायला हरकत नाही. आपल्या पणजीत पाहुण्याला आधी बटर चिकन विचारतात.

2020 च्या मार्चमध्ये तो मुंबईहून अमेरिकेला परतला आणि आजारी पडला. 25 मार्चला कोविडनं गेला. वय 59.

ती बातमी मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितली, कुंपणापलीकडून, कारण टाळेबंदी होती. हा निवृत्त तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला. वर्तमानपत्र उंच धरून त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "रांदपी? आनी पेपराचेर?" (स्वयंपाकी? आणि पेपरात?) आत गेला आणि आपली नली, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंदवही, घेऊन आला. निळं पुस्तक, कडा उसवलेल्या. पानापानावर बोटीचं नाव, तारखा, पुढं 'सेकंड कुक', आणि 'व्हेरी गुड'चा शिक्का. एकेक पान मला लांबूनच उलटून दाखवत होता.

मी विचारलं, "बोटीवर कधी हुमण केलंत?"

"केलं की," म्हणाला. "खलाशांसाठी. प्याशिंजरांकडं वास जाऊ नये म्हणून दार लावून."