बाळाचं नाव सोपान

गेल्या महिन्यात आमच्या भाचीकडे बारसं होतं. आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं, पाठीवर धपाटे बसले आणि त्या गलक्यात नाव पुकारलं गेलं : सोपान. एक आजी लगेच म्हणाल्या, “अगं बाई, हे तर आमच्या थोरल्या भाऊजींचं नाव!” आजींना आनंद झाला होता, पण बाळाच्या बापाचा चेहरा पडला. नाव जुनाट तर झालं नाही ना? मंडळी, आजचं माझं बोलणं त्या बापासाठी आहे.

सोपान म्हणजे जिना, पायऱ्यांची वाट. शब्द संस्कृत. अमरकोशात ‘आरोहणं स्यात्सोपानम्’ असं आहे. ज्यावरून वर चढायचं ते सोपान. केरळात गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी उभं राहून, इडक्का नावाचं तालवाद्य वाजवत जे गातात, त्याला आजही सोपानसंगीत म्हणतात. आपल्याकडे मात्र देवळाला पायरी राहिली, माडीला फारसीतला जिना आला आणि सोपान हा शब्द बोलण्यातून गेला. उरला तो माणसाच्या नावात. गावाकडच्या एखाद्या सोपानरावांना हाक मारताना आपण नकळत तो शब्द जपत आलो.

आता विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंच्या घरात चला. संन्यासातून गुरूच्या आज्ञेनं परतलेला बाप, वाळीत पडलेलं घर. त्या घरातली नावं सावकाश म्हणून बघा : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ज्ञान आणि मुक्ती यांच्या मध्ये चढण आहे, एकेक पायरी पाय टेकत जायची, आणि ती चढण तिसऱ्या लेकराच्या वाट्याला आली. गावानं तोंड फिरवलेलं असताना त्या आईबापांनी पाळण्याशी हे एवढं मोठं मागणं मागितलं, हे मनात आलं की माझा गळा दाटतो.

परंपरेनं सोपानदेवांचा जन्म शके 1199 चा मानतात. शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली, आणि महिन्याभरात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला, कऱ्हेकाठी. वय अवघं 19. तरी वारकऱ्यांच्या तोंडी ते ‘सोपानकाका’! आषाढीला सासवडहून त्यांची पालखी निघते. पुढं खानदेशात बहिणाबाईंच्या मुलाचं नावही सोपानदेवच. आईच्या ओव्या कागदावर उतरल्या त्यात त्यांचा हात होता.

शाळेत पोरं ‘सोप्या’ म्हणतील, ही त्या बापाची आणखी एक काळजी. म्हणू देत की! अर्थ न कळणारी गुळगुळीत नावं शोधत बसण्यापेक्षा हे नाव मला शंभरदा पसंत आहे.

बारशाच्या दिवशी निघताना मी पाहिलं, त्याच आजींनी बाळाला मांडीवर घेतलं होतं. टोपडं सारखं करत त्या म्हणत होत्या, “काका, डोळे उघडा की, बघू.”