रेडिएटरला विचारून इंजिन घ्या

श्रोतेहो, नमस्कार. आखातात नोकरीला असलेले आपले कितीतरी मराठी लोक सुट्टीच्या दिवशी फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या घेऊन वाळूत उतरतात. आधी दुबई-हत्ता रस्त्यावरचं ‘बिग रेड’, मग शारजाच्या बाजूला म्लेहाचा फॉसिल रॉक, आणि हिंमत वाढली की थेट दक्षिणेला, अबू धाबीतलं लिवा. या नादाला नव्याने लागलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. इंजिन कुठलं घेऊ, आणि त्याची ताकद किती वाढवता येईल? उत्तर देतो, पण सुरुवात रेडिएटरपासून करतो.

थोडे आकडे ऐका. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांची हवा ५० अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत साधारण ८ टक्के कमी मावते, आणि इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. ८ टक्क्यांनी काही आभाळ कोसळत नाही. आता रेडिएटर बघा. आतलं कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून आणणारं पाण्याचं मिश्रण, ९५ अंशांवर आहे असं धरा. बाहेर २५ असेल तर फरक ७० अंशांचा, आणि या फरकाच्या जोरावरच उष्णता बाहेर पडते. बाहेर ४८ झालं की फरक उरतो ४७. रेडिएटर तोच, फॅन तोच, पण काम होतं दोन तृतीयांश. ताकद ८ टक्क्यांनी उतरली आणि थंड होण्याची कुवत ३३ टक्क्यांनी! ऑगस्टमधल्या दुपारी गाड्या का उकळतात, त्याचा हिशोब एवढाच.

त्यात वाळू. हायवेला समोरचा वारा फुकट मिळतो. वाळूत गाडी चालते ताशी २०-२५ किलोमीटरने, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि इंजिन साडेतीन-चार हजार आरपीएमवर ओरडत असतं. म्हणजे उष्णता घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकची आणि वारा बैलगाडीचा.

मग इंजिन कुठलं? माझं मत विचाराल तर मोठं, बिनटर्बोचं, सरळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आखातात निस्सानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीचं टीबी ४८ हे इंजिन इतकं लाडकं आहे, ते उगाच नाही. ४.८ लिटर, लोखंडी ब्लॉक, व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या कॅमशाफ्टला पट्ट्याऐवजी चेन. टोयोटाच्या जुन्या ८० मालिकेतल्या लँड क्रूझरचं साडेचार लिटरचं १ एफझेडही त्याच कुळातलं. ही इंजिनं जड आहेत आणि पेट्रोल पितात. पण खालच्या आरपीएमला भरपूर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, देतात, आणि बॉनेट उघडलं की चारी बाजूंनी हात जायला जागा असते. ती जागा हवेलाही मिळते, हा मुद्दा विकत घेताना कुणी बघत नाही.

डिझेलवाल्यांनी रागावू नये. टोयोटाचं ४.२ लिटरचं १ एचझेड म्हणजे बिनटर्बोचं, मेकॅनिकल पंपाचं डिझेल. दणकट म्हणाल तर त्याला तोड नाही. पण जेमतेम १३० अश्वशक्ती. मऊ वाळूची चढण वेगाच्या जोरावर पार करायची असते, आणि तिथे हे बिचारं दम टाकतं. सामान लादून रुब अल खाली या अफाट वाळवंटाच्या कडेने दिवसच्या दिवस जायचं असेल, तर मात्र मी तेच घेईन.

टर्बोचं काय? टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर लागतो. पण इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, आणि बाहेर आहे ४८. शिवाय बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर आणि एसीचा कंडेन्सर दोन्ही रेडिएटरच्या पुढे बसवलेले असतात. म्हणजे रेडिएटरला मिळते ती या दोघांनी आधीच तापवलेली हवा. तरी जमाना टर्बोचा आहे. २०२१ पासूनच्या लँड क्रूझर ३०० मध्ये साडेतीन लिटरचं ट्विन-टर्बो आलं, आणि नाशिकला बनणारी आपली थार तर पेट्रोल असो वा डिझेल, टर्बोच. ती जैसलमेरच्या वाळूत नेणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. राजस्थानात फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश नोंदले गेले होते. टर्बो घ्या, हरकत नाही. फक्त कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, उन्हाळ्यात मागू नका.

आता थंड ठेवण्याची व्यवस्था. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ट्युनिंगची खरी सुरुवात इथेच होते.

पहिला फॅन. या मोठ्या गाड्यांत इंजिनवर चालणारा, व्हिस्कस क्लचचा फॅन असतो. त्याच्या पोटात सिलिकॉन तेल असतं, आणि रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लच पकड घेतो. तपासणी सोपी आहे. गाडी चांगली तापवून बंद करा, पूर्ण थांबू द्या, किल्ली खिशात ठेवा आणि मग फॅनचं पातं हाताने फिरवा. जड लागलं पाहिजे, हात सोडल्यावर लगेच थांबलं पाहिजे. मोकळं गरगर फिरलं तर तेल गळालंय. तसा फॅन हायवेवर काही दाखवत नाही, वाळूत पहिल्याच दुपारी घात करतो. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरणही शाबूत हवं. ते तुटलं असेल तर फॅन बॉनेटखालचीच गरम हवा घुसळत बसतो.

दुसरी रेडिएटर कॅप. कॅपने एक बार दाब धरला की पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून १२० अंशांच्या आसपास जातो. रबर कडक झालं की हे वीस अंश गेले. सगळ्या गाडीत याच्याइतका स्वस्त आणि दुर्लक्षित भाग दुसरा नसेल.

तिसरा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप. ‘गरम प्रदेशात थर्मोस्टॅट काढून टाका’ असं सांगणारे मिस्त्री आपल्याकडेही आहेत, तिकडेही आहेत. ऐकू नका. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की वाट कायमची उघडी राहते, काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि गाडी जास्तच तापते.

कूलंट घट्ट केलं की जास्त थंडावा मिळतो, हाही असाच गैरसमज. कूलंटमधलं ग्लायकॉल गोठण्यापासून वाचवतं आणि उकळणं लांबवतं, पण उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. म्हणून कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच, डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. आणि सबखातून, म्हणजे तिथल्या खारट दलदलीतून गाडी गेली असेल तर रेडिएटर त्याच दिवशी धुवा, इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाने. तो खारट चिखल एकदा वाळला की जाळीत सिमेंटसारखा बसतो.

आता ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, ट्युनिंग. गरम हवेत पेट्रोल इंजिन लवकर नॉक करतं, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसतात. नॉक सेन्सरला ते कळलं की ईसीयू स्पार्क उशिरा देऊ लागतो. त्याने इंजिन वाचतं, पण पिकअप बसतो आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. अमिरातीत ९१, ९५ आणि ९८ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. जी गाडी हिवाळ्यात ९५ वर खूश असते, तिला उन्हाळ्यात वाळूत ९८ द्या. फुल थ्रॉटलला पेट्रोलचं मिश्रण जरा श्रीमंत ठेवतात, हवा-इंधन प्रमाण १४.७ ऐवजी साडेबाराच्या आसपास, कारण जादा पेट्रोलची वाफ होताना सिलिंडर थंड होतो. डिझेलचं नेमकं उलट. डिझेल जास्त सोडाल तेवढा एक्झॉस्ट तापतो. म्हणून पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा बसवून घ्या.

आणि मॅप, म्हणजे ईसीयूमधला स्पार्क-इंधनाचा तक्ता, कुठे केला, हे ट्यूनरला जरूर विचारा. एसी गॅरेजमध्ये, सकाळी, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, काढलेला आलेख दिसायला देखणा असतो. तो पुढ्यात ठेवून गिऱ्हाइकाला गार करणारे खूप आहेत. मला दुपारी दोनला, टेकाडावर सलग अर्धा तास चालवून घेतलेला लॉग, म्हणजे ईसीयूची नोंद, दाखवा. स्पार्कचं टायमिंग किती अंश मागे गेलं, आत येणाऱ्या हवेचं तापमान किती होतं, ते बघू. लिव्याला तल मोरीब नावाची वाळूची प्रचंड चढण आहे, सुमारे ३०० मीटरची. तिथल्या शर्यतीत हजारावर अश्वशक्तीची टीबी ४८ धावतात. पण ती शर्यत हिवाळ्यात होते आणि चढाई काही सेकंदांची. सौदीत २०२० पासून होणारी डाकार रॅलीसुद्धा जानेवारीत असते. त्या इंजिनांकडे बघून ऑगस्टसाठी मॅप करू नका.

धुळीबद्दल एकच सांगतो. वाळूतलं क्वार्ट्झ लोखंडी सिलिंडर घासून काढतं. एअर फिल्टर काढल्यावर त्याच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला पिठूळ कचकच लागली तर फिल्टर कितीही महागाचा असो, त्याच्या कडेने धूळ आत जातेय. स्नॉर्केल, म्हणजे छपरापर्यंत जाणारा हवा घ्यायचा पाइप, बसवलंत तर हवा उंचावरून येते, धूळ कमी आणि बॉनेटखालची ऊबही नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर लावा, यावर चर्चाच नको.

इंजिनावरचा भार सगळ्यात स्वस्तात कमी होतो तो टायरमधली हवा काढून. ३५ पीएसआयवरून १५ वर या. टायर पसरतो, रुतत नाही, आणि जी चढण दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायचात ती निम्म्या पायाने चढता. डांबरी रस्त्यावर येताना तेवढी हवा पुन्हा भरा.

एवढं करूनही एखाद्या दुपारी काटा वर सरकू लागेल. तेव्हा एसी बंद करा. गाडी टेकाडाच्या माथ्यावर न्या, नाक वाऱ्याकडे करा, न्यूट्रलमध्ये पंधराशे आरपीएमवर चालू ठेवा, म्हणजे फॅन आणि वॉटर पंप फिरत राहतात. खिडक्या उघडा आणि हीटर फुल करा. हो, ४८ अंशांत हीटर! तोही एक छोटा रेडिएटरच आहे. कूलंट गळून गेलं असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद करा, आणि पूर्ण गार होईपर्यंत कॅपला हात लावू नका. नमस्कार.