मारबतीच्या उन्हात चेहरे

[इतवारी. ढोल, गर्दी, वरून कडक ऊन]

पोळ्याचा दुसरा दिवस. इतवारीत पाय ठेवायला जागा नाही. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

१८८०च्या दशकापासून नागपुरात ही मिरवणूक निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोन मोठे पुतळे. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईंशी जोडतात; इंग्रजांशी हातमिळवणीचा तो राग. दोघींचे फोटो मोबाइलमोबाइलात आहेत. त्यांना घेऊन निघालेल्या माणसांचे चेहरे मात्र फोटोत एकतर जळालेले, नाहीतर काळेठिक्कर.

[काळीसमोरचा पोरगा]

हा बघा. चौकटीत काळं जास्त. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं मध्यम राखाडीच करायचं असतं, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पोराचं कपाळ पांढरंफटक.

[पिवळीसमोरचे काका]

इथे उलटं. उन्हात पिवळी झळाळते, कॅमेरा उजेड कापतो, काका काळवंडतात. ऊन तेच.

म्हणून ऑटो बंद.

[हाताचा क्लोजअप]

फोटोग्राफर स्वतःचा तळहात उन्हात धरतो, त्यावर स्पॉट मीटर (फक्त तेवढाच ठिपका मोजणारा) लावतो आणि मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड देतो. तळहात राखाडीपेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), शटर १/४०० सेकंद. कडक उन्हाचा हा जुना हिशोब: एफ/१६ला १/१००, छिद्र दोन स्टॉप उघडलं की शटर दोन स्टॉप चढवायचं. ढग आला की पुन्हा तळहात. भाद्रपदात हे दर थोड्या वेळाने करावं लागतं.

बारा वाजले, डोळ्यांच्या खोबणीत सावली उतरली. आता फ्लॅश.

"एवढ्या उन्हात फ्लॅश कायले बे?"

असं विचारणारा दर चौकात एक असतोच. फ्लॅशसोबत बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर १/२००-१/२५०च्या वर जात नाही, म्हणून १/२०० आणि एफ/११. फ्लॅश दीड स्टॉप कमी, सावली मऊ होईल एवढाच. पांढऱ्या सदऱ्यावर स्क्रीन लुकलुकते आहे, म्हणजे तिथे उजेड जास्त झालाय? लुकलुकू दे. सदरा थोडा जळाला तर चालेल, चेहरा नाही.

[नेहरू पुतळा]

दोघी समोरासमोर. काळं-पिवळं एकाच चौकटीत आल्यावर मीटरही जवळपास बरोबर बोलू लागतो. तरी ऑटो बंदच. पुढे दोघींचं दहन होतं.

[बडगे, म्हणजे मारबतींसोबत निघणारे पुरुषी पुतळे, आणि त्यांच्यामागची माणसं]

आणि ही बडग्यांमागची माणसं. फ्लॅश बंद, पुन्हा एफ/८, १/४००.