सुनीता, सुनीताबेन आणि बेड नंबर चौदा

(बडोद्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनी, नोकरी करणाऱ्या नर्सेस आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'परदेशी हॉस्पिटलातले पहिले शंभर दिवस'. त्याकडे मी येणार आहे. पण शंभर दिवस मोजायला आधी विमानात बसावं लागतं, आणि बडोद्याच्या मुलींची फाइल त्याच्या कितीतरी आधी अडकते. इंग्रजीत नाही, फार्माकॉलॉजीत नाही, स्वतःच्या नावात अडकते. हे बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, संयोजकांनी घड्याळ दाखवलं तरी.

समजा एक मुलगी आहे, सुनीता. वडील दत्तात्रय, आडनाव शिंदे. दहावीच्या मार्कशीटवर आपल्या गुजरातच्या रीतीप्रमाणे आडनाव आधी: शिंदे सुनीताबेन दत्तात्रयराव. 'बेन' शाळेतल्या कारकुनाने सवयीने लावलं, 'राव' आजोबांनी हौसेने लावायला सांगितलं. बीएस्सी नर्सिंगच्या मार्कशीटवर ती झाली सुनीता डी. शिंदे. नर्सिंग काउन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर सुनीता दत्तात्रय शिंदे. बेन गेलं, रावही गेले. आधारवर दत्तात्रयच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक जादा 'ए' चिकटला. मग लग्न. सासरी हौसेने नाव बदललं आणि लगोलग पासपोर्ट काढला तो सानिका अमोल मोरे या नावाने. नोकरीच्या अनुभवाच्या दाखल्यावर एचआरने लिहिलं, 'सिस्टर सुनीता'. झाल्या की नाही एकीच्या सहा मुली? (हशा) हसताय, पण घरी गेल्यावर आपापली फाइल उघडा.

आपल्याकडे खिडकीवर सांगता येतं, 'अहो, तीच ती.' परदेशातल्या ज्या माणसासमोर तुमची फाइल जाते, त्याला 'तीच ती' हे सिद्ध करणारा कागद लागतो. आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो, म्हणजे निकाल सानिका मोरेचा. पदवी सुनीता शिंदेची. दोघींना जोडणारा दुवा म्हणजे विवाह प्रमाणपत्र, तर त्यावर निघते सुनीताबेन. परीक्षा केंद्रावरही तेच. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची, कॉम्प्युटरवरची सीबीटी परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर होते. बुकिंगवरचं नाव आणि हातातलं ओळखपत्र जुळलं नाही तर दारातूनच परत, आणि ८३ पौंड फी गेली ती गेलीच.

आता उपाय सांगतो, लिहून घ्या. एका कोऱ्या कागदावर रकाने आखा. जन्मदाखला, दहावी, बारावी, प्रत्येक वर्षाची मार्कशीट, पदवी, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार, पासपोर्ट, अनुभवाचे दाखले. प्रत्येकावर नाव जसं छापलंय तसं, अक्षर न अक्षर, इंग्रजी स्पेलिंगसकट उतरवा. जन्मतारीखही उतरवा, कारण शाळेत घालताना वय जमवायचा आपल्याकडे जुना रिवाज आहे. त्यानंतर ठरवा की कायमचं नाव कोणतं. माझ्या मते ते पदवी आणि रजिस्ट्रेशनवरचं असावं. पासपोर्ट पुन्हा काढणं हे विद्यापीठाकडून चार वर्षांच्या मार्कशीट दुरुस्त करून घेण्यापेक्षा कितीतरी सोपं. आडनाव आणि स्वतःचं नाव पासपोर्टवर वेगवेगळ्या रकान्यांत येतं. तळाशी ४४-४४ खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, त्या मशीन वाचतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात गेलं तर मशीनसाठी तो तुमच्याच नावाचा भाग झाला. फॉर्म एजंटाच्या पोऱ्याला भरायला दिलात की हे हमखास होतं.

शिकत असाल तर विद्यापीठाचा फॉर्म भरतानाच दुरुस्ती करा, पहिल्याच वर्षी. पदवी छापून आल्यावर तीच दुरुस्ती कॉलेजमार्फत अर्ज, प्रतिज्ञापत्र, फी आणि हेलपाटे अशी होते. मधली तफावत उरलीच तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. नोटरीचं 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच' हे प्रतिज्ञापत्र आपल्या लोकांना फार प्रिय; ते काही संस्थांना पुरतं, काहींना नाही. राजपत्र सहसा पुरतं.

आणि लग्न. इथे आया बसल्या आहेत, सासवाही असतील, म्हणून जपून बोलतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. मुलीची परदेशाची फाइल चालू असेल तर व्हिसा लागून ती तिकडे रुजू होईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका. ताटातल्या तांदळात हवं ते नाव लिहा, पासपोर्टवर नको. (टाळ्या) टाळ्या कोणत्या बाजूने आल्या ते कळलं बरं का.

नावानंतर पडताळणी. तुम्ही दिलेली झेरॉक्स कोणी मानत नाही. ते मूळ संस्थेला थेट विचारतात. दुबई, अबुधाबी, सौदीसाठी हे काम डेटाफ्लो ही कंपनी करते, अमेरिकेसाठी सीजीएफएनएस ही संस्था, जिचं नाव आता ट्रूमेरिट झालंय. म्हणजे तुमच्या कॉलेजला एक ईमेल येणार, आणि तो ज्या पत्त्यावर येणार तो पत्ता प्राचार्य निवृत्त झाल्यापासून कोणी उघडलेला नाही. म्हणून अर्ज करण्याआधी कॉलेजात स्वतः जाऊन विचारा: पडताळणीचे ईमेल कोण बघतं, कोणत्या पत्त्यावर येतात, सही कोण करतं. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर हवा. रुजू आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, कोणता वॉर्ड, किती खाटा, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, चालू असलेला फोन. 'त्यांची वागणूक चांगली होती' या वाक्याला तिथे किंमत शून्य. छोट्या नर्सिंग होममध्ये रोख पगारावर काम केलं असेल तर तो अनुभव सिद्ध करणं अवघड जातं, कारण पुढे पगाराच्या स्लिपा मागतात आणि त्या नसतात.

जर्मनीवाल्यांसाठी एक वेगळा कागद: विषयवार तासांचं ट्रान्सक्रिप्ट, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. त्यांच्या नर्सिंगच्या शिक्षणात २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. तुमचे तास त्याच्याशी ताडून पाहतात. कमी पडलं की उरलेलं तिथे पूर्ण करायचं किंवा परीक्षा द्यायची. तुमच्या कॉलेजने वृद्धांच्या वॉर्डातले तास नोंदलेच नसतील, तर केलेलं कामही न केल्यात जमा. हे ट्रान्सक्रिप्ट शिकतानाच मागा.

आता तुम्ही म्हणाल, ही माणसं नावाच्या एवढी मागे का? कारण तिथला वॉर्डच तसा चालतो. आपल्याकडे राउंडला काय ऐकू येतं? 'बेड नंबर चौदाला अँटिबायोटिक दिलं का?' 'चौदाच्या बांचं शुगर किती?' बेड नंबर ही ओळख नव्हे. संध्याकाळी चौदाचा पेशंट खिडकीजवळच्या खाटेवर हलवला आणि त्या जागी दुसरा आला, की औषध चुकलं.

तिथे एक गोळी कशी देतात ते बघा. हात धुतले. चार्टवर ॲलर्जीचा रकाना पाहिला. तो कोरा असेल तर औषध थांबलं. पेशंटजवळ जाऊन विचारलं, 'तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा.' लक्षात घ्या, 'तुम्ही पटेल ना?' असं नाही विचारायचं. कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही मान डोलावतात, आणि बडोद्याच्या कुठल्याही वॉर्डात तीन तरी पटेल निघतील. त्यांनी सांगितलेलं मनगटाच्या पट्टीशी जुळवलं, पट्टीवरचा नंबर चार्टशी जुळवला. तोंडी ॲलर्जी विचारली, आणि विचारताना 'ॲलर्जी झाल्यावर काय होतं' हेही विचारलं, कारण पेनिसिलिनने पुरळ येणं आणि श्वास कोंडणं यांत फरक आहे. मग औषध, मात्रा, मार्ग, वेळ, शेवटचा डोस कधी दिला, एक्सपायरी. पॅरासिटॅमॉलसारख्या साध्या गोळीलाही वजन बघायचं. ५० किलोच्या आतल्या माणसाला मात्रा कमी करावी लागू शकते. गोळी गिळेपर्यंत थांबायचं. टेबलावर ठेवून 'नंतर घ्या हं काका' चालत नाही. आणि सही गोळी गिळल्यावर, आधी नाही.

एनएमसीच्या ओस्की परीक्षेत, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या परीक्षेत, दहा स्टेशनं असतात. पहिली चार एकाच पेशंटची: तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. अंमलबजावणीचं स्टेशन म्हणजे आत्ता सांगितलेली गोळी. चांगल्या हाताच्या नर्सेस तिथे नापास होतात त्या इंजेक्शन चुकून नव्हे, पट्टी न बघितल्याने. तेव्हा आजपासून ड्यूटीवर सवय लावा. सिनियर हसतील, हसू द्या.

एजंटांविषयी बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो. पण पुढच्या रांगेत एका काकांच्या हातात पत्रक दिसतंय, म्हणून थोडंच. इंग्लंडमध्ये नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणं बेकायदा आहे. भारतात नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. आखातासारख्या ज्या देशांसाठी इमिग्रेशनची मंजुरी लागते, तिथे नर्सेसची भरती २०१५ पासून सरकारी एजन्सींमार्फत करायची असा नियम आला. आणि 'केअरर व्हिसा', म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करण्याच्या कामाचा व्हिसा, म्हणून जे लाखांनी विकलं जात होतं, त्याचं दार इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठी बंद केलं. आजही कोणी तो विकत असेल तर काका, पत्रक घडी करून खिशात ठेवा आणि पैसेही खिशातच ठेवा. (हशा)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे जो विषय पत्रिकेवर छापलाय तो आता धावत.

इंग्लंडमध्ये रुजू झाल्यापासून बारा आठवड्यांत ओस्कीला पहिल्यांदा बसावं लागतं. तोवर तुम्ही रजिस्टर्ड नर्स नाही, खालच्या बँडवर, म्हणजे खालच्या पगारश्रेणीवर; नोंदणी झाली की बँड ५. या काळात औषधं स्वतंत्रपणे द्यायची नाहीत, कोणी घाईत सांगितलं तरी. ओस्कीचे एका अर्जात तीनच प्रयत्न.

नातेवाईक नाहीत. आपल्याकडे जेवू घालणं, पुसून काढणं, औषध दुकानातून आणणं हे घरचे करतात. तिथे आंघोळ, शौच, भरवणं, कूस बदलणं हे नर्स आणि सहाय्यक करतात. 'आम्ही बीएस्सी, आम्ही हे करायचं?' हा प्रश्न जर्मनीत गेलेल्या पुष्कळ मुलींना पहिल्या आठवड्यात पडतो. त्यात भर म्हणजे इकडे सराईतपणे लावलेली आयव्ही तिकडे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात. पाठ पुसताना माकडहाडावरचा लाल डाग दिसतो, बोटाने दाबून लाली जाते की नाही ते कळतं. न जाणारी लाली म्हणजे बेडसोअरची सुरुवात. हे काम खालचं नाही, तपासणीच आहे ती. आणि पेशंटला काखेत हात घालून उचलायचं नाही. स्लाइड शीट, म्हणजे सरकवायची गुळगुळीत चादर, किंवा होइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र, वापरायचं.

कोपराखाली काही नाही: घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, फक्त एक साधी अंगठी. सासूबाईंना निघण्याआधी सांगून ठेवा, व्हिडिओ कॉलवर नको.

न्यूज टू हा पेशंट ढासळतोय का ते गुण देऊन ओळखायचा तक्ता पाठ करा, २०१७ पासूनचा: श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण, वरचं बीपी, नाडी, शुद्ध, ताप. ऑक्सिजन लावलेला असेल तर दोन गुण जास्त. नव्याने आलेला गोंधळलेपणा एकट्यानेच तीन गुण. एकूण पाच झाले की डॉक्टरला तातडीने, सात म्हणजे आणीबाणी. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. सगळ्यांपुढे १८ लिहायची आपली सवय तिथे पकडली जाते.

डॉक्टरला फोन करताना क्रम एसबीएआर: आत्ता काय झालंय, पेशंट कोण आणि कशासाठी दाखल, मी काय पाहिलं, मला काय हवंय. आपल्या मुली पहिले तीन सांगतात आणि चौथ्याला 'सर, प्लीज बघा' म्हणून थांबतात. 'अर्ध्या तासात येऊन बघा, तोवर मी काय करू?' असं म्हणा. आणि 'सर' नको, तिथे डॉक्टरला नावाने हाक मारतात. जीभ वळायला वेळ लागतो. कार्डिअॅक अरेस्टला हॉस्पिटलच्या आतल्या फोनवरून २२२२.

मॉर्फिनसारख्या औषधांना दोघी जणी: कपाट उघडण्यापासून शिल्लक मोजून पेशंटला देईपर्यंत दोघी सोबत. मैत्रीण म्हणाली 'मी दिलं, तू नुसती सही कर', तर नाही. इन्सुलिन लिहिताना नुसता 'यू' लिहू नका, तो शून्यासारखा दिसतो आणि दहापट डोस जातो. 'युनिट्स' पूर्ण लिहा.

शेवटचं. नेमणुकीच्या करारात परतफेडीचं कलम असतं: अमुक महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर विमान, परीक्षा, व्हिसा यांचा खर्च परत. कलम असणं गैर नाही. रक्कम किती, कशाकशाची, आणि महिन्यागणिक ती कमी होत जाते की नाही, हे सही करण्याआधी लेखी घ्या. ज्यांनी फाइल आणली आहे त्यांनी थांबा, रकान्यांचा कागद आत्ताच आखू. प्रश्न काहीही विचारा, फक्त 'आयईएलटीएसचा क्लास कुठला चांगला' एवढं सोडून.